केसेन्नुमा : भिंतीपलीकडचा समुद्र

पहाटेचे पाच वाजलेले असतात. उन्हाळ्यात जपानच्या या ईशान्य किनाऱ्यावर तेव्हा लख्ख उजाडलेले असते. धक्क्याला लागलेल्या पांढऱ्या बोटींच्या पोटातून निळसर, पट्ट्यापट्ट्यांचे, बंदुकीच्या गोळीसारखे घट्ट मासे सरकत्या पट्ट्यावर येतात. दोन्ही बाजूंना रबरी बूट घातलेली माणसे उभी असतात. ती आकारमानानुसार मासे निवडतात आणि बर्फाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपांत टाकतात. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. मुंबईच्या ससून डॉकवर पहाट काढलेल्या माणसाला इथली शांतता प्रथम थोडी अस्वस्थच करते. वरच्या मजल्यावरील सज्जातून हे सारे विनामूल्य पाहता येते. केसेन्नुमा या शहराची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी.

मियागी प्रांताच्या उत्तर टोकाला वसलेले केसेन्नुमा हे जेमतेम साठ हजार वस्तीचे शहर. २०१० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ७३ हजारांहून अधिक होती. २०२० मध्ये ती ६१ हजारांवर आली. या घटीमागे ११ मार्च २०११ चा भूकंप व त्सुनामी हे एक कारण आहे, तसे तरुणांनी शहर सोडणे हे दुसरे. परदेशी पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर म्हणजे टोकियो, क्योटो, ओसाका या मार्गावर केसेन्नुमा येत नाही. त्यामुळे येथे येणाऱ्याला गर्दीचा त्रास नाही आणि इंग्रजी पाट्यांचा आधारही फारसा नाही.

वाकडी रेल्वे आणि रुळांवरची बस

टोकियोहून तोहोकु शिन्कान्सेनने इचिनोसेकीपर्यंत दोन ते अडीच तास लागतात. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी प्रथम ज्या ई-५ मालिकेच्या गाड्या ठरल्या होत्या, त्या याच मार्गावर धावतात. इचिनोसेकीला उतरून ओफुनातो मार्गाच्या डिझेल गाडीत बसायचे. एक किंवा दोन डब्यांची ही गाडी ६२ किलोमीटरसाठी सुमारे दीड तास घेते. वेळ लागण्याचे एक कारण डोंगर. दुसरे कारण राजकारण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळांची आखणी होत असताना प्रत्येक पुढाऱ्याने मार्ग आपल्या मतदारसंघाकडे ओढला आणि सरळ जाऊ शकणारी रेल्वे भांड्याच्या कडीसारखी वळली. जपानी लोक आजही तिला त्या कडीवरूनच टोपणनावाने ओळखतात. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये.

किनाऱ्याने येणारी दुसरी वाट अधिक बोलकी आहे. केसेन्नुमा मार्ग ही किनारी रेल्वे १९७७ मध्ये पूर्ण झाली आणि २०११ मध्ये लाटेने तिचे रूळ, पूल व स्थानके धुऊन नेली. पुन्हा रूळ घालण्याऐवजी रेल्वे कंपनीने रुळांच्या जागेवर डांबर टाकले व ऑगस्ट २०१२ पासून त्यावरून बस सोडली. सुरुवातीला तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था कायमची झाली. एप्रिल २०२० मध्ये त्या भागातील रेल्वे कागदोपत्रीही संपली. बोगद्यांतून आणि फलाटांना लागून जाणाऱ्या या लाल बसमध्ये बसले की आपण रेल्वेत आहोत की रस्त्यावर, हे मनाला ठरवता येत नाही. केसेन्नुमा स्थानकात एका फलाटाला आगगाडी आणि शेजारी बस लागते. डिसेंबर २०२१ मध्ये सेन्दाई ते हाचिनोहे हा ३५९ किलोमीटरचा सान्रिकु किनारी द्रुतमार्ग पूर्ण झाल्यापासून सेन्दाईहून एक्स्प्रेस बसनेही येणे सोपे झाले आहे. ज्याला वेळ कमी आहे त्याने ही बस घ्यावी. ज्याला प्रदेश पाहायचा आहे त्याने घेऊ नये.

कात्सुओचे शहर

सान्रिकु किनारा म्हणजे समुद्रात बुडालेल्या दऱ्यांचा किनारा. डोंगराच्या सोंडा थेट पाण्यात उतरतात आणि त्यांच्यामध्ये अरुंद, खोल खाड्या आत शिरतात. बाहेर खुल्या समुद्रात दक्षिणेकडून येणारा उष्ण कुरोशियो प्रवाह आणि उत्तरेकडून येणारा थंड ओयाशियो प्रवाह एकमेकांना भेटतात. थंड पाण्याबरोबर येणाऱ्या अन्नद्रव्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे. जगातील अत्यंत समृद्ध मासेमारी क्षेत्रांत या पाण्याची गणना होते. खोल खाडी हे बोटींना उत्तम आश्रयस्थान. केसेन्नुमाचे अर्थकारण या दोन गोष्टींवर उभे आहे.

पट्ट्यावरून येणारा तो मासा म्हणजे कात्सुओ, अर्थात कुप्याच्या कुळातील स्किपजॅक. ताज्या कात्सुओच्या उतरवणुकीत केसेन्नुमा १९९७ पासून दोन दशकांहून अधिक काळ सलग देशात पहिले राहिले आहे. यातील गंमत अशी की हा मासा पकडणाऱ्या बोटी बहुतांशी केसेन्नुमाच्या नाहीत. कोचि, मियाझाकी, मिए अशा दूरच्या दक्षिणी प्रांतांतील बोटी माशांच्या थव्यांमागोमाग उत्तरेकडे सरकतात व जूनपासून शरद ऋतूपर्यंत केसेन्नुमाला आपले बंदर मानतात. एखादी बोट दुसऱ्याच्या बंदरात माल का उतरवते? तिला तेथे चांगला भाव, भरपूर बर्फ, डिझेल, शिधा, गरम पाण्याचे स्नान आणि मुख्य म्हणजे जिवंत आमिष मिळते म्हणून. गळाने कात्सुओ पकडताना बोटीवरून लहान जिवंत मासे समुद्रात फेकतात, पाण्याचे फवारे उडवून पृष्ठभाग खळबळता ठेवतात आणि आमिषावर तुटून पडलेले मासे बिनकाट्याच्या गळाने एकामागोमाग एक हवेत उडवून डेकवर घेतात. हे आमिष जिवंत ठेवणारे जाळ्यांचे पिंजरे खाडीच्या शांत पाण्यात असतात. ज्या बंदरात आमिष नाही तेथे ही बोट फार काळ थांबत नाही.

ही पद्धत भारतीयांना परकी नाही. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर हाच मासा, याच पद्धतीने, जिवंत आमिष टाकून गळाने पकडला जातो. तो उकडून, धुरावून, उन्हात वाळवून ‘मास’ तयार करतात. जपानी कात्सुओबुशीही उकडून, धुरावून आणि वाळवून तयार होतो. उत्तम प्रतीच्या कात्सुओबुशीवर त्यापुढे बुरशीची प्रक्रियाही करतात. मिनिकॉयचे मास मात्र आपल्या स्वयंपाकघरात कधी पोहोचले नाही, ही आपली हानी.

उन्हाळ्याच्या आरंभीचा कात्सुओ चपळ व कमी चरबीचा. तो उत्तरेच्या थंड पाण्यात खाऊनपिऊन शरदात परततो तेव्हा मांस स्निग्ध झालेले असते. केसेन्नुमाचे लोक या ‘परतीच्या’ कात्सुओची वाट पाहतात. तो कच्चाच, जाड कापांत, लसूण किंवा आल्यासह खातात. टोकियोतील उंची उपाहारगृहात मिळणारा कात्सुओ व सकाळी उतरलेला हा कात्सुओ यांत फरक आहे आणि तो कळायला जाणकार असण्याची आवश्यकता नाही.

शरदातील दुसरा मासा सान्मा. लांबट, चंदेरी, सुरीच्या पात्यासारखा. एकेकाळी तो इतका विपुल असे की टोकियोच्या मेगुरो भागातील उत्सवात केसेन्नुमाचा सान्मा भाजून लोकांना फुकट वाटला जाई. अलीकडच्या वर्षांत हा मासा दुरावला. एकेकाळी जपानभर दोन लाख टनांहून अधिक सान्मा मिळत असे, ते प्रमाण २०२२ मध्ये १८ हजार टनांच्या आसपास घसरले. समुद्राचे वाढते तापमान, प्रवाहांचे बदललेले मार्ग आणि खुल्या समुद्रातील वाढती परदेशी मासेमारी अशी कारणे सांगितली जातात. २०२५ च्या हंगामाने थोडा दिलासा दिला. परंतु तो टिकेल असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

पंखांचा प्रश्न

बाजाराच्या एका भागात फरशीवर शार्क ओळीने मांडलेले दिसतात. त्यांच्या शेजारी लांब चोचीचा तलवार मासा. ट्यूना व तलवार माशासाठी समुद्रात मैलोगणती लांब दोऱ्या सोडतात, त्यांना निळे शार्क लागतात. जपानमध्ये उतरणाऱ्या शार्कपैकी फार मोठा वाटा केसेन्नुमात येतो, आणि येथील शार्कपंख चिनी पाकशास्त्रात नावाजलेले आहेत.

शार्कपंखांच्या व्यापाराविरुद्ध जगभर जो रोष आहे, त्याचे मुख्य कारण पंख कापून जिवंत मासा समुद्रात फेकून देण्याची क्रूर प्रथा. भारताने २०१५ मध्ये शार्कपंखांच्या निर्यातीवर बंदी घातली. केसेन्नुमाचे म्हणणे असे की आम्ही मासा अखंड आणतो. मांसाचे माशांचे वडे होतात, कातड्याच्या पिशव्या व पाकिटे, कूर्चेपासून पूरक औषधी द्रव्ये. हे म्हणणे खरे आहे आणि बाजारात ते डोळ्यांनी दिसते. मात्र काहीही वाया जात नाही म्हणजे मासे प्रमाणातच पकडले जातात असे सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. बाजाराला लागून असलेल्या ‘उमि नो इचि’ या इमारतीत शार्क संग्रहालय आहे. तेथे शार्कच्या जीवशास्त्राबरोबर शहराची आपत्तीची कहाणीही मांडली आहे. शेजारीच बर्फाच्या लाद्यांत गोठवलेले मासे रंगीत प्रकाशात दाखवणारे, उणे २० अंश तापमानाचे ‘बर्फाचे मत्स्यालय’ आहे. मुले बरोबर असतील तर त्यात दहा मिनिटे घालवावीत. अन्यथा नाही गेले तरी चालेल.

ज्यांना धाडस करायचे आहे त्यांनी ‘मोका नो होशी’ मागावे. एका जातीच्या शार्कचे हे हृदय, कच्चे, गडद लाल, व्हिनेगर घातलेल्या मिसोबरोबर वाढतात. नावाचा अर्थ ‘मोकाचा तारा’. हृदय टिकत नाही, म्हणून ते या बंदराबाहेर क्वचितच मिळते.

शाकाहारी प्रवाशाला मात्र येथे स्पष्ट शब्दांत सावध करणे भाग आहे. मासा पाहायला येणे वेगळे आणि तो टाळून जेवणे वेगळे. भाजीच्या रश्श्यातही कात्सुओबुशीचे पाणी असते, आणि ‘मासे नकोत’ असे सांगितल्यास ताटातील तुकडे निघतात, पाणी तसेच राहते. भात, लोणची, टोफू, फळे आणि सोबत नेलेले कोरडे पदार्थ यांवर दोन दिवस निभावतात.

शहराच्या मध्यात एक जहाज

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी समुद्रतळाशी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. हा किनारा त्सुनामीला नवखा नव्हता. १८९६ मध्ये सुमारे २२ हजार, १९३३ मध्ये तीन हजारांच्या आसपास माणसे सान्रिकु किनाऱ्याने गमावली होती. १९६० मध्ये चिलीच्या भूकंपाची लाट महासागर ओलांडून येथे पोहोचली होती. तरीही या वेळचे संकट वेगळे ठरले. खाडीच्या तोंडाशी असलेल्या इंधनाच्या २३ टाक्यांपैकी २२ टाक्या लाटेने उचलल्या, तेल सांडले, पेटले आणि पाण्यावरून आग वाहत शहरात शिरली. पाणी आणि आग एकत्र आलेली ती रात्र जगाने हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या चित्रणात पाहिली. शहरात हजाराहून अधिक माणसे मृत्यू पावली, दोनशेहून अधिक बेपत्ता राहिली. याच मियागी प्रांतातील ओनागावा येथे भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जवान शोधकार्यासाठी गेले होते; त्या दलाची ती पहिली परदेशी मोहीम.

लाटेने ३३० टनांचे, साठ मीटर लांबीचे ‘क्योतोकु मारू क्रमांक १८’ हे मासेमारी जहाज बंदरापासून सुमारे ७५० मीटर आत, शिशिओरी भागात नेऊन ठेवले. आसपासची घरे गेली आणि जहाज उभेच राहिले. लोक येत, फुले ठेवत, छायाचित्रे घेत. स्मारक म्हणून ते जपावे असे महापौरांना वाटत होते. नगरपालिकेने नागरिकांचे मत मागवले, तेव्हा सुमारे ६८ टक्के लोकांनी जहाज ठेवण्याची गरज नाही असे सांगितले. २०१३ च्या शरदात ते तोडले गेले. पाहुण्यांना जे स्मारक वाटत होते, ते रोज समोरून जाणाऱ्याला आपल्या माणसांच्या मरणाची खूण वाटत होती. आज त्या जागी जाऊन शोधणाऱ्याला जहाज सापडत नाही, आणि याविषयी हळहळण्याचा अधिकार पर्यटकाला नाही असे वाटते.

जे जपले गेले ते शहराच्या दक्षिणेला, कोयो माध्यमिक विद्यालयाच्या इमारतीत. मत्स्योद्योग शिकवणाऱ्या या चार मजली शाळेत पाणी चौथ्या मजल्यापर्यंत चढले. भूकंपानंतर सुमारे १७० विद्यार्थ्यांना घेऊन शिक्षक उंचावरील भागाकडे निघाले. ठरलेल्या जागी पोहोचूनही ते थांबले नाहीत, आणखी वर गेले. मागे राहिलेल्या शिक्षकांनी कागदपत्रे वरच्या मजल्यांवर हलवली व इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांसह गच्चीवर आश्रय घेतला. सारे वाचले. मार्च २०१९ मध्ये ही इमारत स्मृतिसंग्रहालय म्हणून खुली झाली. तिसऱ्या मजल्यावरील वर्गात उलटी पडलेली मोटार तशीच आहे. वाहत आलेली शीतगृहाची इमारत आदळून चौथ्या मजल्याच्या भिंतीला पडलेली जखमही तशीच आहे. भिजून फुगलेली पुस्तके, चुरगाळलेली कपाटे, छतापासून लोंबणाऱ्या तारा यांना हात लावलेला नाही. केसेन्नुमात एकच गोष्ट पाहण्याइतका वेळ असेल तर बाजार सोडावा, शाळा सोडू नये.

बावीस सेंटीमीटर

त्सुनामीनंतर सरकारने किनाऱ्यावर काँक्रीटच्या भिंती उभारण्याचा निर्णय घेतला. काही दशकांतून किंवा शतकातून एकदा येणारी लाट अडेल इतकी उंची सर्वत्र, असे सूत्र. २०११ सारखी अतिप्रचंड लाट या भिंती अडवणार नाहीत हे सरकारनेही मान्य केले होते. केसेन्नुमात यावर वर्षानुवर्षे बैठका झाल्या. प्रवाशाला आज या वादाची तीन उत्तरे एकाच शहराच्या हद्दीत, अर्ध्या दिवसात पाहता येतात. आणि आमच्या मते केसेन्नुमाला जाण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

पहिले उत्तर दक्षिणेकडील कोइझुमी येथे. समुद्रसपाटीपासून १४.७ मीटर उंच, पायाशी सुमारे नव्वद मीटर रुंद अशी ही भिंत म्हणजे खरे तर एक बांध आहे. गाव स्वतः उंचावर हलले आहे. भिंतीमागे आता मुख्यतः शेते आहेत. तिच्या पायाशी उभे राहिले की समुद्राचा वास येतो, समुद्र दिसत नाही.

दुसरे उत्तर शहराच्या जुन्या बंदरात, नाइवान भागात. येथील दुकानदार, खानावळवाले आणि मद्यनिर्माते पिढ्यान्‌पिढ्या धक्क्यावर राहत आले. समुद्र दिसला नाही तर त्याचा रंग पाहून पळायचे केव्हा हे कळणार कसे, असा त्यांचा प्रश्न होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर भिंतीची उंची कमी करण्यात आली. तिच्या माथ्यावर पाणी आले की आपोआप उभ्या राहणाऱ्या झडपा बसवायचे ठरले. आणखी एक बाब होती. भूकंपात येथील जमीन सुमारे ७० सेंटीमीटर खचली होती. ती नंतर हळूहळू वर येऊ लागली. वर आली तेवढी भिंत कमी चालणार होती, म्हणून उंची २२ सेंटीमीटरने घटवण्याचे ठरले. २०१८ मध्ये उघडकीस आले की प्रांत प्रशासनाच्या चुकीने काही भाग जुन्याच उंचीने बांधला गेला होता. बावीस सेंटीमीटर म्हणजे जेमतेम वीतभर. परंतु कित्येक वर्षांच्या बैठकांतून शब्दशः सेंटीमीटर मोजून मिळवलेली ती वीत होती, आणि नागरिकांचा संताप भिंतीपेक्षा दिलेल्या शब्दाविषयी होता. भिंत तशीच राहिली.

नाइवानच्या रचनाकारांनी त्यातूनही वाट काढली. धक्क्यावरील नव्या इमारती भिंतीला अशा चिकटवून बांधल्या की दुसरा मजला आणि भिंतीचा माथा एका पातळीवर येतो. तेथून रुंद पायऱ्या पाण्याकडे उतरतात. कॉफी घेऊन पायरीवर बसलेल्या माणसाला आपण त्सुनामीरोधक भिंतीवर बसलो आहोत हे सांगावे लागते. शेजारच्या गल्लीत ओतोकोयामा या साके बनवणाऱ्या जुन्या पेढीची इमारत आहे. १९२९ च्या मोठ्या आगीनंतर या भागात ज्या देखण्या वास्तू उभ्या राहिल्या त्यांतील ही एक. लाटेने खालचे मजले नेले, वरचा उरला. तो जपून ठेवून इमारत पुन्हा उभी केली गेली.

तिसरे उत्तर मोउने या छोट्या खाडीत. तेथे भिंत नाही. बहुतेक घरे गमावलेल्या ग्रामस्थांनी एकमताने उंचावर जाण्याचे ठरवले व भिंत नको असे कळवले. या निर्णयामागे जुनी पार्श्वभूमी आहे. येथील कालवांचे शेतकरी शिगेआत्सु हाताकेयामा यांनी १९८९ मध्ये सहकाऱ्यांसह खाडीत येणाऱ्या नदीच्या उगमाकडील मुरोने डोंगरावर झाडे लावण्यास प्रारंभ केला. प्रदूषणामुळे कालवे लाल पडून विकेनाशी झाली होती. समुद्र आजारी असेल तर उपाय नदीच्या वर शोधावा, असे त्यांचे म्हणणे. पानगळीच्या मातीतून विरघळलेले लोह नदीवाटे समुद्रात येते व सूक्ष्म वनस्पतींना पोसते, हे पुढे शास्त्रज्ञांच्या साहाय्याने स्पष्ट झाले. ‘अरण्य म्हणजे समुद्राची प्रेयसी’ अशा अर्थाचे नाव या चळवळीला मिळाले. कोळ्यांनी डोंगरावर जाऊन झाडे लावावीत ही कल्पना जपानच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचली, आणि २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हाताकेयामा यांचा गौरव केला. २०११ च्या लाटेत त्यांची आई गेली, कालवांचे सारे तराफे गेले. तरी समुद्राचा राग धरता येत नाही, ही त्यांची भूमिका कायम राहिली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. भूकंपाने खचलेल्या जमिनीवर मोउनेत खारे पाणी साचून दलदल झाली होती. ती बुजवण्याऐवजी तशीच ठेवली गेली आणि आज तेथे मासे व खेकडे वाढतात.

यांतील बरोबर उत्तर कोणते, हे कोकण किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारे पाहत वाढलेल्या माणसालाही चटकन सांगता येणार नाही.

बेट, पूल आणि किनारा

खाडीच्या तोंडाशी ओशिमा बेट आहे. त्सुनामीत फेरीबोटी निकामी झाल्या व बेट अनेक दिवस तुटले. पूल हवा ही बेटाची जुनी मागणी होती. ७ एप्रिल २०१९ रोजी ३५६ मीटरचा कमानी पूल खुला झाला आणि त्याच दिवशी फेरीसेवा थांबली. आता बसने बेटावर जाता येते. २३५ मीटर उंचीच्या कामेयामा टेकडीवरून कालवांचे तराफे, खाडी आणि खुला समुद्र एका दृष्टिक्षेपात येतात. बेटाच्या उत्तर भागात एक गाणारी पुळण आहे. तिथल्या वाळूवर पाय घासला की ‘कुक्कु’ असा आवाज येतो. जपानीत ‘कु’ म्हणजे नऊ. नऊ आणि नऊ अठरा, म्हणून पुळणीचे नाव ‘अठरा’ या अंकाने लिहितात आणि ‘कुगुनारी’ असे वाचतात. वाळू कोरडी व स्वच्छ असेल तरच ती गाते. पावसानंतर जाणाऱ्याची निराशा होते.

मुख्य भूमीवरील इवाइसाकी टोकाला खडकाच्या भेगेतून भरतीचे पाणी कारंज्यासारखे उसळते. तेथील पाइनची झाडे लाटेने नेली. उरलेले एक झाड डोके वर काढलेल्या ड्रॅगनसारखे दिसते. जवळच नववे योकोझुना हिदेनोयामा राइगोरो यांचा पुतळा आहे. हा सुमो मल्ल याच भूमीतला. पुतळा त्सुनामीत पडला नाही, आणि गावकरी ते अभिमानाने सांगतात. मे महिन्यात आलात तर तोकुसेन्जो डोंगरावर अझेलियाच्या फुलांनी सारी पठारे लाल झालेली दिसतील.

निरोपाची पताका

बाजारासमोर ‘त्सुरुकामे नो यु’ हे छोटे सार्वजनिक स्नानगृह आहे. खलाशी जिथे अंघोळ करत ते जुने स्नानगृह बंद पडले, तेव्हा महिनोन्‌महिने समुद्रावर राहून आलेल्या माणसाला गरम पाणी मिळणार नसेल तर बोटी येथे कशाला येतील, असे म्हणून शहरातील स्त्रियांनी २०१९ मध्ये हे उभे केले. शेजारी त्यांचेच भोजनगृह आहे. सकाळी तेथे खलाशांच्या शेजारी बसून भात, मिसो सूप आणि त्या दिवशीचा मासा खाता येतो. अंग स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरावे, टॉवेल पाण्यात बुडवू नये, एवढे नियम पाळले की परक्याकडे कोणी वळून पाहत नाही.

कुंडातील सारेच जपानी नसतात. दूरच्या समुद्रात ट्यूनासाठी जाणाऱ्या बोटींवर आज इंडोनेशियाचे अनेक तरुण काम करतात. ऑगस्टमधील बंदर उत्सवात त्यांची स्वतंत्र मिरवणूक निघते आणि शहरात मुस्लिम बांधवांसाठी प्रार्थनास्थळही झाले आहे. लोकसंख्या घटत चाललेल्या या बंदराचा कणा हळूहळू या मुलांकडे सरकतो आहे. त्यांच्याविषयी माहितीपत्रकांत फारसे काही नसते.

या बोटी कधी वर्षभर परतत नाहीत. त्या निघतात तेव्हा ‘देफुने ओकुरी’ म्हणजे जहाजाला निरोप देण्याचा सोहळा होतो. पूर्वी तो खलाशांच्या घरच्यांपुरता होता. आता ‘त्सुबाकी काइ’ या महिलामंडळाच्या पुढाकाराने त्यात कोणालाही सामील होता येते. बोटीपासून धक्क्यापर्यंत रंगीत कागदी फिती धरलेल्या असतात. बोट सुटते, फिती ताणतात आणि तुटतात. धक्क्यावरच्या बायका ‘फुकुराइबाता’ नावाच्या शुभंकर पताका हलवत धक्क्याच्या टोकापर्यंत धावत जातात. सोहळ्याची तारीख हवामान व बोटीच्या तयारीवर ठरते, ती थोडेच दिवस आधी कळते. केसेन्नुमा स्थानकावरील किंवा ‘उमि नो इचि’ मधील पर्यटन केंद्रात पोहोचताच विचारावे. पताका तेथेच हाती देतात, ती नंतर परत करायची असते.